प्रांत नसलेली भाषा : गोरबोलीच्या इतिहासाविषयी

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना वर्षाचा पहिला तास परिचयात जातो. विद्यार्थी एकेक करून उभे राहतात, नाव सांगतात, गाव सांगतात. या तासाला दरवर्षी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘माझा नाव अमुक.’ वर्गात हशा पिकतो. बोलणारी मुलगी खाली बसते आणि पुढे पुष्कळ दिवस तोंड उघडत नाही. आम्हीही सुरुवातीची अनेक वर्षे ही दुरुस्ती मोठ्या तत्परतेने केली. ‘माझा’ नव्हे, ‘माझे’. नाव हा शब्द नपुंसकलिंगी आहे. उत्तरपत्रिकांतही ‘तो झाड’, ‘मोठा घर’ अशा जागी आमची लाल शाई न चुकता उमटत गेली. लिंगविचाराचे साधे नियम पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना येऊ नयेत, याचा दोष आम्ही कधी प्राथमिक शाळेला दिला, कधी घरच्या वातावरणाला.

एके वर्षी अशाच हशानंतर एका विद्यार्थिनीने शांतपणे सांगितले, ‘सर, आम्ही तांड्यावर मारो नाम म्हणतो.’ तिने एवढेच सांगितले आणि आमच्या ध्यानात आले, की आम्ही ज्याला चूक म्हणत होतो ते दुसऱ्या एका भाषेचे व्याकरण होते. तिच्या भाषेत पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. ‘नाम’ तेथे पुल्लिंगी आहे आणि त्याचे विशेषण ओकारान्त होते. ‘मारो नाम’चे मराठीत रूपांतर करताना तिने ‘मारो’च्या जागी ‘माझा’ ठेवले होते. तिच्या व्याकरणाप्रमाणे ते वाक्य निर्दोष होते. मराठीचे तिसरे लिंग तिला कोणी वेगळे करून शिकवले नव्हते, कारण ती घरी मराठी बोलत नाही ही गोष्ट आमच्या शिक्षणव्यवस्थेच्या गणतीतच नव्हती.

या निबंधाचे मूळ त्या तासात आहे. तांड्यावरच्या या भाषेला गोरबोली, गोरमाटी, लमाणी, लंबाडी, बंजारी अशी अनेक नावे आहेत. ती कोठून आली, कशी टिकली आणि इतकी माणसे बोलत असूनही कागदोपत्री ती दिसत का नाही, हा प्रश्न भाषाविज्ञानाइतकाच इतिहासाचा आहे. आम्ही बंजारा समाजातले नाही. तांड्याच्या भाषेत ‘गोर’ म्हणजे आपला आणि ‘कोर’ म्हणजे परका, आम्ही कोर. तेव्हा पुढील विवेचन बाहेरच्या माणसाचे आहे, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

१. भाषेची घडण

गोरबोली ही भारतीय आर्य कुळातील भाषा असून तिचे जवळचे नाते राजस्थानी व गुजराती यांच्याशी आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली व खानदेशी बोलींच्या भागात, ‘बंजारी किंवा लभाणी’ या नावाने तिचा विचार केला. पुढे १९७० मध्ये रोनाल्ड ट्रेल यांनी लमाणीचे स्वतंत्र व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले. म्हणजे या भाषेला व्याकरण आहे ही गोष्ट विद्वानांना ठाऊक होऊन बराच काळ लोटला आहे. ती आमच्या वर्गापर्यंत तेवढी पोहोचली नव्हती.

तीन-चार ठळक खुणा पाहू. ‘तुझे नाव काय आहे?’ हे वाक्य गोरबोलीत ‘तारो नाम कांई छ?’ असे होते. ‘आहे’च्या जागी येणारा हा ‘छ’ गुजरातीतल्या ‘छे’शी आणि जयपूरकडच्या बोलींतल्या ‘छै’शी जुळणारा आहे. मराठीत जेथे ‘घोडा’, तेथे ‘घोडो’. जेथे ‘मुलगा’, तेथे ‘छोरो’. ओकारान्त पुल्लिंग ही राजस्थान-गुजरात पट्ट्याची ओळखच होय. षष्ठीचा संबंध दाखवताना मराठी ‘चा-ची-चे’ वापरते, तर गोरबोलीत ‘र’कार येतो आणि तोही मारवाडीच्या ‘रो-री’शी नाते सांगतो. आईला ‘याडी’ म्हणतात. हा शब्द मात्र तांड्याबाहेर सहसा ऐकू येत नाही, आणि म्हणूनच कदाचित तांड्याच्या मनात त्याला इतके मोल आहे.

व्याकरणाचा सांगाडा पश्चिमेकडचा आणि त्यावर वाटेतल्या मुलखांचे शब्द, अशी ही रचना आहे. आमच्या भागातील तांड्यांवर ऐकू येणाऱ्या गोरबोलीत मराठी आणि दख्खनी उर्दू शब्द सहज मिसळलेले असतात. तेलंगणातील तांड्यांवर तीच जागा तेलुगू शब्द घेतात. शब्द बदलले तरी सर्वनामे, क्रियापदांची रूपे, नात्यांची नावे हा गाभा बराचसा एक राहिला. सेनगावकडचा बंजारा आणि तेलंगणातला लंबाडा एकमेकांची राज्यभाषा जाणत नसले, तरी पोहरादेवीच्या यात्रेत ते गोरबोलीत एकमेकांची विचारपूस करतात. शेकडो मैलांवर विखुरलेल्या आणि शाळा, ग्रंथ, दरबार यांपैकी कशाचाही आधार नसलेल्या समाजाची भाषा इतकी एकसंध कशी राहिली, याचे उत्तर तिच्या व्यवसायात शोधावे लागते.

२. वाटेवरची भाषा

‘लमाण’ या शब्दाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मीठ याच्याशी जोडला जातो आणि ‘बंजारा’चा ‘वाणिज्य’ या शब्दाशी. या व्युत्पत्त्यांविषयी मतभेद आहेत; परंतु दोन्ही शब्द ज्या कामाकडे बोट दाखवतात त्याविषयी नाहीत. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, डाळी लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणे हा या समाजाचा धंदा होता. गोरबोलीत त्याला ‘लदेणी’ म्हणतात. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल असल्याची नोंद त्याने केली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ अशी चार गटांनी केलेली मालाची वाटणी त्याने नोंदवली आहे.

असा तांडा म्हणजे चालते गावच. त्याचा नायक, त्याचा कारभारी, त्याची न्यायपंचायत म्हणजे ‘नसाब’, त्याचे भाट आणि ढाडी, त्याच्या देवता, सगळे त्याच्यासोबत चालत. मुक्काम आज एका भाषेच्या मुलखात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. बाजारात व्यवहार करायचा तर तेथली भाषा कामापुरती यायलाच हवी. त्यामुळे बंजारा बहुभाषिक होता. पण बाहेरची कोणतीही एक भाषा त्याच्या घरात शिरण्याइतका काळ तो एका जागी थांबत नव्हता. घरची भाषा तांड्याच्या आत आणि बाजारच्या भाषा बाहेर, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. भाषेच्या एकसंधतेचे कारण या विभागणीत आहे असे आम्हांस वाटते. मुलखाशी नाते न जोडणे हीच तिच्या टिकण्याची अट होती.

दक्षिणेत हे तांडे मोठ्या संख्येने आले ते फौजांच्या मागोमाग. मोगलांच्या दख्खनमधील मोहिमांना धान्य पुरवणारे बंजारे होते. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसदही त्यांच्यावर अवलंबून होती. जॉन ब्रिग्ज याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ मधील खंडात बंजाऱ्यांवर जो लेख लिहिला, त्यामागे हीच लष्करी ओळख आहे. ज्याच्यावाचून फौज उपाशी राहील त्या माणसाची माहिती ठेवणे राज्यकर्त्यांना गरजेचे होते. त्याच्या भाषेची माहिती ठेवण्याची गरज मात्र पुढे शंभर वर्षे कोणाला वाटली नाही.

येथे आमच्या परिसराचा एक योगायोग नोंदवावासा वाटतो. सेनगावहून फार लांब नसलेले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव येथून निघून पंजाबपर्यंत गेले आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आली. म्हणजे या मातीने एक वाणी उत्तरेस पाठवली आणि काही शतकांनी उत्तरेकडून चालत आलेली एक वाणी याच मातीत मुक्कामाला राहिली. पहिल्या प्रवासाचा अभ्यास आम्ही अभ्यासक्रमात करतो. दुसऱ्या प्रवासाचे वंशज आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात.

३. रूळ, कायदा आणि तांडा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लदेणी संपली. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादला जाणारा मार्ग सुरू झाला. मिठावर सरकारी मक्तेदारी होतीच. जो माल हजारो बैल महिनोन्‌महिने वाहून नेत तो काही डब्यांतून दोन दिवसांत जाऊ लागला. बैल विकले गेले, तांडे थांबले. थांबले ते बहुधा गावापासून दूर, माळावर, जंगलाच्या कडेला, जेथे जमीन कोणाला नको होती तेथे. ‘तांडा’ या शब्दाचा अर्थच बदलला. चालणाऱ्या काफिल्याचे नाव ते स्थिर वस्तीचे नाव झाले.

व्यवसाय गेलेल्या समाजाकडे राज्यसंस्था संशयाने पाहू लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची पद्धत रूढ केली. निजामाच्या राज्यातही तसे नियम आले आणि लंबाड्यांचा समावेश त्यांत झाला. हजेरी, परवाने, पोलिसांची देखरेख यांनी तांडा गावापासून आणखी तुटला. ज्याची भाषा पाटलाला आणि फौजदाराला कळत नाही तो काही तरी लपवतो आहे, असा समज व्हायला वेळ लागत नाही. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. शिक्का पुसला, तरी गाव आणि तांडा यांमधील अंतर तसेच राहिले.

भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने या अंतराचा अर्थ विलक्षण आहे. जी दुरी माणसांना जाचक होती तिनेच भाषेला आसरा दिला. बाजाराची वाट बंद झाल्यावर गोरबोली विरून जायला हवी होती. देशातील कितीतरी भटक्या गटांच्या बोली स्थिरावल्यावर आसपासच्या भाषेत मिसळून गेल्या. गोरबोली टिकली, कारण तांडा वेगळा राहिला, किंबहुना वेगळा ठेवला गेला. लग्नात नवरीने गळा काढून म्हणायचा ‘ढावलो’, होळीच्या ‘लेंगी’, तीजेची गाणी, सेवालाल महाराजांची भजने हे सारे त्या वेगळेपणात वाढले. परंपरेनुसार १७३९ साली जन्मलेल्या सेवालाल महाराजांचे वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे ठिकाण विखुरलेल्या तांड्यांना वर्षातून एकदा एकत्र आणणारे केंद्र झाले. लिपी, शाळा आणि मुद्रणालय यांनी इतर भाषांसाठी जे काम केले, ते गोरबोलीसाठी गाणे, यात्रा आणि भाटाच्या स्मरणातील वंशावळ यांनी केले.

म्हणून गोरबोलीच्या टिकण्याचा गौरव करताना जीभ अडखळते. ‘त्यांनी आपली भाषा जपली’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते. पण त्यातील ‘जपली’ या क्रियापदामागे किती अपमान आणि किती दुरावा आहे, ते आपण सोयीने विसरतो.

४. नकाशाची रेषा

गोरबोलीच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक दिवस कोणता, असे विचारल्यास आम्ही १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस सांगू. आज हिंगोली जिल्ह्यात असलेला आमचा भाग तोवर हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले : मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात. मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांसाठी ही पुनर्रचना न्यायाची होती. मराठवाड्याने तिच्यासाठी किती सोसले, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. परंतु भाषावार प्रांतरचनेच्या मुळाशी एक गृहीत आहे : भाषेला तिचा मुलूख असतो. ज्या भाषेला मुलूख नाही तिचे काय, हा प्रश्न त्या गृहीतकात बसत नव्हता आणि तो कोणी विचारलाही नाही.

परिणाम असा झाला, की एका राज्यात राहणारा एक भाषिक समाज एका रात्रीत तीन राज्यांत अल्पसंख्य ठरला. पुढे कायद्यानेही त्याला तीन नावे दिली. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि तेलंगणातील लंबाडा १९७६ च्या कायदादुरुस्तीपासून अनुसूचित जमातींत. या भेदातून आलेली मागणी सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेत मराठवाड्यातील मोर्चांतून पुन्हा पुढे आली. तो आरक्षणाचा वादग्रस्त प्रश्न आहे आणि त्याविषयी येथे निवाडा करण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच, की सवलतींच्या वर्गवारीवर इतकी चर्चा होत असताना तीन राज्यांतील या माणसांना एकत्र बांधणारी जी उघड गोष्ट, म्हणजे भाषा, ती चर्चेत जवळजवळ नसते.

विशेष म्हणजे १९५६ याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. रेषा ओढणाऱ्यांना रेषेमुळे एकटे पडणाऱ्यांची जाणीव होती, हे यावरून दिसते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते सोलापुरातील कन्नड किंवा बेळगावातील मराठी मूल. ज्याची भाषा शेजारच्या राज्यात तरी राजभाषा आहे असे मूल. तांड्यावरच्या मुलाची भाषा कोणत्याच राज्याची नव्हती.

याबाबत युरोपातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. भारतातूनच शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या रोमा लोकांची रोमानी ही भारतीय आर्य भाषाही अशीच मुलखाविना जगली. १९९२ मध्ये युरोप परिषदेने प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांसाठी जी सनद स्वीकारली, तिने ‘प्रदेशाशी न बांधलेल्या भाषा’ असा एक स्वतंत्र वर्गच मान्य केला. त्यामुळे रोमा लोकांचे हाल संपले असे नाही. परंतु भाषा प्रदेशाच्या नव्हे तर बोलणाऱ्यांच्या मालकीची असू शकते, हे तत्त्व तेथे कागदावर तरी आले. आपल्याकडे ते अद्याप यायचे आहे.

५. गणतीत हरवलेली भाषा

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची छाननी करून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या आणि त्या १२१ भाषांखाली विभागण्यात आल्या. त्यांत ‘लमाणी/लंबाडी’ मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख ७६ हजार आणि ‘बंजारी’ सांगणारे सुमारे १५ लाख ८१ हजार लोक आहेत. दोन्ही नोंदी ‘हिंदी’ या शीर्षकाखाली आहेत. दोघांची बेरीज ४८ लाखांहून अधिक होते. त्याच गणनेत डोगरी सुमारे २६ लाख, कोकणी सुमारे साडेबावीस लाख, मणिपुरी सुमारे साडेसतरा लाख आणि बोडो सुमारे पंधरा लाख लोकांची मातृभाषा आहे. या चारही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. गोरबोली नाही, ‘बंजारा’ हे नाव समावेशाची मागणी असलेल्या अडतीस भाषांच्या यादीत पडून आहे.

मराठीच्या अभ्यासकांना हा वाद नवा वाटू नये. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर आपल्याकडे अनेक दशके शाई खर्च झाली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. तिच्यामागे एक प्रदेश होता, मुद्रणाची जुनी परंपरा होती आणि बोलणारा सुशिक्षित मध्यमवर्ग होता. गोरबोली हिंदीची बोली म्हणून मोजली जाते. पण भाषिकदृष्ट्या तिचे नाते हिंदीपेक्षा राजस्थानी-गुजरातीशी निकटचे आहे आणि तांड्यावरच्या आजीला हिंदीतील वर्तमानपत्र वाचून दाखवले तर तिला ते आपल्या भाषेतले वाटणार नाही.

या वर्गीकरणातील उपरोध २०२५ मध्ये फार ठळक झाला. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी शासनाने आपले निर्णय मागे घेतले. लहान मुलावर घरात नसलेली भाषा लादू नये, हा युक्तिवाद आम्हांसही पटला होता. परंतु सेनगाव तालुक्यातील तांड्यावरचे मूल जनगणनेच्या हिशेबाने आधीच हिंदी मातृभाषेचे आहे, शाळेच्या हिशेबाने मराठी माध्यमाचे आहे, आणि घरी ते या दोन्हींपैकी काहीच बोलत नाही. पहिलीत त्याच्यासमोर येणारी मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. ‘घरात नसलेली भाषा’ हा शब्दप्रयोग करताना आपण कोणाचे घर डोळ्यांसमोर आणतो, हा प्रश्न आम्ही स्वतःला उशिराच विचारला.

६. लिहिणे : कोणत्या लिपीत, कोणत्या नावाने

मराठीने लमाणांकडून शब्द घेतले. ‘लमाण’, ‘तांडा’ हे आपल्या बोलण्यात सहज येतात. डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. दुसऱ्याचा माल इमानाने वाहून पोहोचवणारा, हा त्यामागचा अर्थ वाचकांना परिचित आहे. रूपक म्हणून लमाण मराठीत आला, पण त्याची भाषा मात्र वेशीबाहेर थांबली.

ती आत आली ती १९८० नंतरच्या भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांसोबत. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांनी जी वाट पाडली तिच्यावरून आत्माराम कनिराम राठोड यांचे ‘तांडा’, पंजाब चव्हाण यांचे ‘याडी’ अशी पुस्तके आली. अशा लेखनात कथन मराठीत आणि जिव्हाळ्याचे शब्द गोरबोलीत असतात. ही तडजोड समजण्यासारखी आहे. लेखकाला वाचक हवा होता आणि वाचक मराठीत होता. थेट गोरबोलीत लिहिणारे भीमणीपुत्र मोहन नाईक यांच्यासारखे लेखकही आहेत. पण गोरबोलीचे पुस्तक कोणत्या अभ्यासक्रमात लावायचे, कोणत्या ग्रंथालयाच्या कोणत्या फळीवर ठेवायचे, याचे ठरलेले उत्तर नाही.

लिपीचा प्रश्नही आहेच. महाराष्ट्रात गोरबोली देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. यात्रेत जे दोघे मनमोकळेपणी बोलू शकतात ते एकमेकांना पत्र लिहू शकत नाहीत. बोलणे एक आणि लिहिणे तीन, अशी ही अवस्था १९५६ च्या रेषेचीच सावली आहे.

साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारांच्या यादीतील दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. २०१५ चा मराठीचा पुरस्कार वीरा राठोड यांच्या ‘सेन सायी वेस’ या कवितासंग्रहाला मिळाला. हे शीर्षक गोरबोलीतील असून सर्वांच्या कल्याणाची इच्छा करणाऱ्या पारंपरिक प्रार्थनेतून आले आहे. २०२४ चा तेलुगूचा पुरस्कार रमेश कार्तिक नायक यांच्या ‘ढावलो’ या कथासंग्रहाला मिळाला. हेही शीर्षक गोरबोलीचेच. दोन राज्यांतील दोन तरुण लेखक, दोन लिप्या, दोन साहित्यभाषा. आणि दोघांनीही पुस्तकाला नाव देताना आपल्या आईच्या भाषेकडे हात पसरला. गौरव अनुक्रमे मराठीचा आणि तेलुगूचा झाला. जिचे शब्द मुखपृष्ठावर होते त्या भाषेचा रकानाच यादीत नव्हता.

७. आता

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले आणि ते आम्ही आनंदाने खाल्ले. दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. पोशाख, दागिने, बैल, तांडा यांचे जतन तेथे होईल आणि ते व्हायलाही हवे. पण ‘तारो नाम कांई छ?’ हा प्रश्न काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. तो कोणी तरी कोणाला तरी विचारावा लागतो.

आणि तो विचारला जाण्याचे प्रसंग कमी होत आहेत. ज्या दुराव्याने भाषा राखली तो आता ओसरतो आहे, आणि तो ओसरावा अशीच आमची इच्छा आहे. तांड्यावर शाळा गेली, रस्ता गेला, भ्रमणध्वनी गेला; दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो आणि मुले फडावर वेगळीच मराठी ऐकतात. शिकलेले आईबाप मुलाचा वर्गात हशा होऊ नये म्हणून त्याच्याशी मराठीत बोलू लागले आहेत. या निर्णयाबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो हशा आमच्याच वर्गात झाला होता. अपमानाच्या आडोशाने टिकलेली भाषा सन्मान वाढत असताना टिकेल का, हा गोरबोलीपुढचा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तांड्याने द्यायचे असले, तरी ते देण्यासाठी लागणारी मोकळीक आपल्या हातात आहे.

मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही जे करू शकतो ते फार थोडे आहे, तरी ते सांगून ठेवतो. लिंगविचार शिकवताना आता आम्ही फळ्यावर दोन रकाने करतो. एका रकान्यात ‘मारो नाम’, दुसऱ्यात ‘माझे नाव’. दोन लिंगांची भाषा आणि तीन लिंगांची भाषा शेजारी ठेवल्या, की नियम दोन्हीकडच्या मुलांना कळतो, आणि गावातल्या मुलांनाही पहिल्यांदाच समजते की आपल्या भाषेत नपुंसकलिंग आहे ही काही जगाची रीत नव्हे. तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एक वही करायला सांगितली आहे. लदेणीच्या काळातले, बैलांच्या साजाचे, वाटेचे, मुक्कामाचे जे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतात ते त्यांनी त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहून आणावेत. शब्दांना मराठी प्रतिशब्द सापडला नाही तर जागा कोरी ठेवावी. वहीत अशा कोऱ्या जागा पुष्कळ आहेत.

‘मारो नाम’ सांगणारी ती विद्यार्थिनी पुढे पदवी घेऊन गेली. तिच्या जुन्या उत्तरपत्रिकांवरची आमची लाल शाई आता पुसता येणार नाही. मात्र गेल्या परिचयाच्या तासाला एक मुलगा ‘माझा नाव’ म्हणाला, तेव्हा आम्ही हशाच्या आधीच त्याला विचारले, ‘घरी काय म्हणता?’ तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने सगळा परिचय गोरबोलीत करून दिला. वर्गातल्या किती जणांना तो समजला, हे हात वर झाल्यावर कळले. इतकी वर्षे शिकवूनही आम्हांस तो आकडा ठाऊक नव्हता.